न बुडणाऱ्या पाणबुड्या : डिस्नेलँडमधल्या एका जुन्या राइडचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात

कॅलिफोर्नियातल्या अनाहाइम शहरातल्या डिस्नेलँडमध्ये १९५९ साली पाणबुड्यांची एक राइड सुरू झाली. १९९८ मध्ये ती बंद केली गेली. नऊ वर्षं तिचं तळं नुसतं पडून राहिलं. २००७ मध्ये ती नवी कथा घेऊन परत आली आणि आता पुन्हा तिच्या भवितव्याची कुजबुज सुरू असते. याच राइडचं फ्लोरिडातलं मोठं भावंड १९९४ मध्ये बंद झालं ते कायमचंच. कंपनी एक, यंत्रणा जवळपास एकच, दुखणंही तेच. निकाल मात्र दोन. म्हणून हे प्रकरण नीट उलगडून बघण्यासारखं आहे.

निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्यांची नावं इथे दिलेली नाहीत. पदावरून काम भागतं, आणि नावं आली की चर्चा माणसांवर घसरते. डिस्नेच्या चाहत्यांमध्ये ती आधीच भरपूर घसरलेली आहे.

पार्श्वभूमी

डिस्नेलँड १७ जुलै १९५५ रोजी उघडलं तेव्हा त्यातला ‘टुमॉरोलँड’ हा विभाग अर्धवट होता. उद्याचं जग दाखवायचं होतं, पण पैसे आणि वेळ दोन्ही संपत आले होते. मग बऱ्याचशा जागेत निरनिराळ्या कंपन्यांची प्रदर्शनं मांडून वेळ मारून नेली. ही उणीव चार वर्षांनी एका दमात भरून काढली गेली. १४ जून १९५९ रोजी मॅटरहॉर्नच्या कृत्रिम डोंगरावरची घसरगाडी, मोनोरेल आणि ‘सबमरीन व्हॉयेज’ अशा तीन मोठ्या गोष्टींचं एकत्र उद्घाटन झालं. अमेरिकेचे तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन सहकुटुंब आले होते. त्या काळी उद्यानात प्रत्येक राइडचं वेगळं तिकीट लागे आणि तिकिटांचे ए, बी, सी, डी असे वर्ग होते. १९५९ मध्ये त्यांच्यावर ‘ई’ हा सगळ्यात महाग वर्ग आला आणि पाणबुडीला तो लागू झाला.

विषयही वेळ साधून निवडलेला होता. अमेरिकी नौदलाची ‘नॉटिलस’ ही अणुपाणबुडी आदल्याच वर्षी, ऑगस्ट १९५८ मध्ये, बर्फाखालून उत्तर ध्रुव पार करून गेली होती. वर्तमानपत्रांतून ती घराघरात पोचली होती. नौदलासाठी अशा पाणबुड्या बांधणारी जनरल डायनॅमिक्स ही कंपनी राइडची प्रायोजक झाली. तळ्यात आठ राखाडी पाणबुड्या सोडल्या गेल्या आणि त्यांना नौदलाच्या अणुपाणबुड्यांचीच नावं दिली गेली : नॉटिलस, ट्रायटन, सीवुल्फ, स्केट, स्किपजॅक, जॉर्ज वॉशिंग्टन, पॅट्रिक हेन्री आणि ईथन ॲलन. शीतयुद्धाच्या दिवसांत पाच-सात वर्षांच्या पोरांना अणुपाणबुडीतून फिरवून आणण्याची ही कल्पना आज वाचताना जरा विचित्र वाटते, पण तेव्हा ती आशेची गोष्ट होती.

गंमत अशी की या पाणबुड्या बुडत नाहीत. प्रत्येक नौका सुमारे ५२ फूट लांब. तिचा खालचा भाग कायम पाण्याखाली, वरचा कायम वर, आणि तळाशी असलेल्या रुळाच्या आधाराने ती ठरलेल्या वाटेने जाते. प्रवासी अरुंद तोंडातून गोल जिन्याने खाली उतरतात आणि गोल खिडकीसमोर बसतात. त्यांची नजर पाण्याच्या पातळीखाली असते, तेवढं पुरतं. खिडकीबाहेर हवेचे बुडबुडे जोरात सोडले की आपण खाली चाललो असं डोळ्यांना वाटतं. पुढे नौका धबधब्यातून एका बंदिस्त गुहेत शिरते. तिथे ध्रुवाखालचा बर्फ, काळोखातले चमकणारे मासे, जलपऱ्या, बुडालेलं अटलांटिस आणि शेवटी तिरळ्या डोळ्यांचा एक सागरी सर्प. १९५९ च्या उन्हाळ्यात आणि नंतर साठच्या दशकाच्या मध्यात खऱ्याखुऱ्या तरुणी जलपरीच्या वेशात याच तळ्यात पोहत असत.

दुखणं नेमकं कुठे होतं

असं प्रकरण सांगताना सहसा म्हटलं जातं की लोकांना कंटाळा आला, गर्दी ओसरली, म्हणून राइड बंद झाली. इथे तसं झालं नाही. पाणबुडीपुढची रांग शेवटच्या वर्षापर्यंत टिकून होती. दुखणं रांगेत नसून रांग हलण्यात होतं.

थोडा हिशोब करून बघू. आठही नौका पाण्यात आहेत आणि प्रत्येकीत ४० जागा आहेत असं धरलं तर ३२० आसनं झाली. फेरी साधारण पंधरा मिनिटांची. त्यात उतरायचा आणि चढायचा वेळ मिळवला की एका नौकेच्या तासाला जेमतेम तीन फेऱ्या. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर तासाला साडेनऊशेच्या आसपास माणसं. हा माझा ढोबळ अंदाज आहे, पण वस्तुस्थिती याहून फार चांगली असू शकत नाही, कारण आठही नौका एकदम पाण्यात क्वचितच असतात. एखादी दुरुस्तीला गेलेली असतेच. याच उद्यानातली पायरेट्सची बोट-राइड तासाला दोन हजारांच्या वर लोक सहज नेते. तिथे बोट धक्क्याला लागते आणि बाजूने पाऊल टाकून बसता येतं. इथे मात्र चाळीस माणसांना एकामागून एक जिना उतरायचा, आत बाकावर सरकत जायचं, आणि शेवटी तसंच वर यायचं. एसटीच्या एकाच दाराने सगळी गर्दी चढू-उतरू लागली की डेपोत जे होतं, तेच धक्क्यावर दिवसभर चालू असतं.

तळ्याचा खर्च याहून वेगळा. आत्ताच्या रूपात त्यात ६३ लाख गॅलन, म्हणजे जवळपास २ कोटी ४० लाख लिटर पाणी आहे. ऑलिंपिकच्या मापाचे नऊ-साडेनऊ तलाव भरतील इतकं. हे पाणी नुसतं साठवून चालत नाही. ते इतकं नितळ ठेवावं लागतं की खिडकीतून पलीकडचं प्रवाळ दिसलं पाहिजे. शेवाळ येऊ नये म्हणून रसायनं, आणि त्या रसायनांनी व कॅलिफोर्नियाच्या उन्हाने प्रवाळाचा रंग उडतो. रंग परत द्यायचा तर पाणी काढावं लागतं. पाण्यातल्या यांत्रिक माशा-कासवांची दुरुस्ती डायव्हर उतरवून करायची. नौकांना डिझेल इंजिनं होती. बंदिस्त गुहेत डिझेल म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. शिवाय प्रत्येक नौकेवर एक चालक आणि धक्क्यावर हात देऊन उतरवणारी माणसं.

अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी अमेरिकेत १९९० मध्ये कायदा झाला. चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला या नौकेत नेण्याची सोय नव्हती आणि करताही येत नव्हती, कारण दार म्हणजे छतातलं भोक. खुर्चीचं सोडा, कॅलिफोर्नियात मुलांकडे सुट्टीला आलेल्या आपल्याकडच्या आजी-आजोबांना तो जिना दाखवा, निम्मे जण ‘तुम्ही जाऊन या, आम्ही इथे पिशव्या सांभाळतो’ म्हणतील.

या सगळ्यात एक गोष्ट फारशी बोलली जात नाही, आणि माझ्या मते मूळ तिथे आहे. डिस्नेलँडने १९८२ मध्ये राइडची सुटी तिकिटं बंद केली. आत येताना एकदाच पैसे भरा आणि काय वाटेल त्यात बसा, असं झालं. त्याआधी पाणबुडीत बसणारा प्रत्येक माणूस ‘ई’ तिकीट फाडून देत होता. राइड किती कमावते हे रोज संध्याकाळी मोजता येत होतं. नंतर कमाई सगळ्या उद्यानाची एकत्र झाली आणि राइडच्या नावावर उरला तो फक्त खर्च. प्रायोजक कंपनीही साठच्या दशकातच बाजूला झाली होती. ज्या वस्तूचं उत्पन्न दिसत नाही आणि खर्च दर महिन्याला दिसतो, तिच्यावर केव्हातरी कोणाचं तरी बोट पडतंच.

मधल्या काळात डागडुजी झाली नाही असं नाही. ऐंशीच्या दशकात नौका पिवळ्या रंगवल्या गेल्या, अणुपाणबुड्यांच्या संशोधन नौका झाल्या, काहींची नावं बदलली. गुहेतली दृश्यं आणि धक्क्यावरचा जिना तसेच राहिले.

पहिला निर्णय : फ्लोरिडा, १९९४

फ्लोरिडातल्या मॅजिक किंगडममध्ये हीच कल्पना मोठ्या मापात उतरवली होती. १४ ऑक्टोबर १९७१ रोजी, म्हणजे उद्यान उघडल्यानंतर दोन आठवड्यांत, ती सुरू झाली. ज्यूल व्हर्नच्या कादंबरीवरच्या डिस्नेच्या चित्रपटाचं रूप तिला दिलं होतं. बारा नौका, प्रत्येकी ६१ फूट, आणि तळ्यात १ कोटी १५ लाख गॅलन पाणी. लिटरमध्ये सुमारे ४ कोटी ३५ लाख. सौंदर्याच्या बाबतीत या नौका कॅलिफोर्नियाच्या नौकांना मागे टाकत. दुखणी मात्र सगळी तीच, फक्त दीडपट.

५ सप्टेंबर १९९४ रोजी ही राइड थांबली. लोकांना सांगितलं गेलं की देखभालीसाठी बंद आहे. १९९६ मध्ये कंपनीने कायमची बंद झाल्याचं मान्य केलं. तळं तरीही तसंच राहिलं, उद्यानाच्या अगदी मोक्याच्या जागी, देखावा म्हणून. २००४ मध्ये ते मोडलं. २००५ मध्ये त्या जागेच्या एका तुकड्यावर लहान मुलांचं खेळायचं अंगण आलं, तेही पुढे गेलं, आणि अखेर मे २०१४ मध्ये तिथे सात बुटक्यांच्या खाणीची रेल्वे धावू लागली. बारापैकी दोन नौका बहामातल्या कंपनीच्या बेटाजवळ समुद्रात सोडल्या गेल्या, पोहणाऱ्यांना पाण्याखाली बघायला काहीतरी हवं म्हणून. पाणबुड्या खऱ्या अर्थाने बुडाल्या त्या तेवढ्याच.

बंद होण्यापासून जागेचा पूर्ण उपयोग होईपर्यंत वीस वर्षं गेली. राइड मोडण्याचा निर्णय बरोबर की चूक यावर वाद होऊ शकतो. पण निर्णय घेऊन तो दोन वर्षं ‘देखभाल’ या नावाखाली ठेवणं आणि मग आणखी आठ वर्षं जागा अडकवणं याचं समर्थन करणं अवघड आहे.

दुसरा निर्णय : कॅलिफोर्निया, १९९८

चार वर्षांनी तोच प्रश्न अनाहाइमला आला. फ्लोरिडाचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. रस्ते साधारण चार होते.

पहिला, आहे तसं चालवायचं आणि खर्च सोसायचा. दुसरा, कायमचं बंद करून तळं बुजवायचं आणि जागा नव्या राइडला द्यायची. तिसरा, नौका ठेवून कथा आणि यंत्रणा बदलायची. चौथा, तूर्त बंद करायचं आणि पुढचं पुढे बघायचं.

काळ कसा होता तेही बघायला हवं. मे १९९८ मध्ये टुमॉरोलँडचं नूतनीकरण करून तो विभाग नव्याने उघडला होता. शेजारी दुसरं उद्यान, कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर, बांधायचं चाललं होतं; ते फेब्रुवारी २००१ मध्ये उघडलं. पैसा तिकडे जात होता. उद्यानाचे त्या वेळचे प्रमुख कंपनीच्या दुकानांच्या विभागातून आले होते आणि चाहत्यांनी त्यांना त्यावरून आजतागायत सोडलेलं नाही. मला ही टीका अर्धीच पटते. इंजिनिअर प्रमुखपदी असता तरी वर मांडलेला हिशोब त्याच्याही टेबलावर आलाच असता.

सप्टेंबर १९९८ मध्ये राइड बंद झाली. २००३ च्या सुमारास नव्या रूपात आणू, असं सांगितलं गेलं. म्हणजे घोषणा तिसऱ्या रस्त्याची आणि वाटचाल चौथ्या. नव्या रूपासाठी ना मंजूर रक्कम जाहीर होती, ना आराखडा.

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण हाच. बंद करणं चुकीचं नव्हतं. चाळीस वर्षांच्या यंत्रणेला विश्रांती हवीच होती. पण परत कधी, कशाच्या जोरावर आणि नाहीच जमलं तर काय, हे त्याच दिवशी ठरायला हवं होतं.

मधली नऊ वर्षं

तळ्यात पाणी होतं, नौका नव्हत्या. बाजूने जाणाऱ्याला निळं पाणी आणि रिकामा धक्का दिसे.

दरम्यान अटलांटिसवरच्या नव्या ॲनिमेशनपटाची कथा राइडला जोडायची कल्पना पुढे आली. बुडालेलं अटलांटिस मूळ राइडमध्ये होतंच, त्यामुळे ती बसतही होती. ‘अटलांटिस : द लॉस्ट एम्पायर’ जून २००१ मध्ये आला, अपेक्षेइतका चालला नाही, आणि राइडची कल्पनाही त्याच्याबरोबर गेली. राइडचं नशीब चित्रपटाच्या गल्ल्याला बांधलं की काय होतं याचा हा पहिला धडा. दुसरा पुढे येतो.

याच विभागात आणखी एक उदाहरण घडत होतं. पीपलमूव्हर ही १९६७ पासूनची संथ, उंचावरून फिरवणारी राइड १९९५ मध्ये बंद झाली होती. तिच्याच मार्गावर १९९८ मध्ये ‘रॉकेट रॉड्स’ या वेगवान गाड्या सोडल्या. मार्ग संथ गाड्यांसाठी बांधलेला, वळणं सपाट. दर वळणाला वेग कमी करायचा आणि पुन्हा वाढवायचा. गाड्या आणि बांधकाम दोघांनाही ते झेपलं नाही. सारख्या बंद पडत त्या २००० मध्ये थांबल्या त्या थांबल्याच. मार्ग आजही डोक्यावर रिकामा उभा आहे. जुन्या ढाच्यावर नवं काही बसवताना ढाच्याची मूळ मर्यादा आधी तपासावी लागते, हे पाणबुडीच्या शेजारीच सिद्ध होत होतं.

परत आणण्याचा निर्णय

राइड वाचली ती दोन-तीन गोष्टी एका वेळी जुळल्या म्हणून.

डिस्नेच्या राइड आखणाऱ्या विभागातल्या एका ज्येष्ठ अधिकाऱ्याने हा विषय सोडला नाही. दर नव्या प्रमुखापुढे तो पुन्हा मांडला. नौकांचे सांगाडे गंजले असतील, मोडीत काढावे लागतील, असं गृहीत धरलं जात होतं. जहाजबांधणीतल्या तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली तेव्हा उत्तर उलट आलं : हे सांगाडे अजून ४० ते ५० वर्षं चालतील. ‘नौका संपल्या’ हा बंद करण्यामागचा अव्यक्त आधार एका अहवालाने काढून घेतला. ही तपासणी १९९८ मध्ये, बंद करण्याआधी झाली असती तर पुढची पाच-सहा वर्षं वेगळी गेली असती, असं मला वाटतं.

मग मे २००३ मध्ये निमो नावाच्या छोट्या माशाचा ‘फाइंडिंग निमो’ हा ॲनिमेशनपट आला आणि प्रचंड चालला. पाण्याखालची कथा, मुलांना तोंडपाठ पात्रं. त्याच वर्षी उद्यानाला नवे प्रमुख मिळाले, आणि २००५ मध्ये येणाऱ्या पन्नाशीची तयारी सुरू झाली. जुनं जपण्याची हवा तयार झाली. २००५ मध्ये घोषणा झाली आणि ११ जून २००७ रोजी ‘फाइंडिंग निमो सबमरीन व्हॉयेज’ सुरू झाली.

काय बदललं, काय नाही

डिझेल इंजिनं काढून नौका विजेवर आणल्या. धक्क्याला लागल्या की विनातार, चुंबकीय पद्धतीने बॅटरी भरून घेतात. गुहेतला धूर गेला, आवाज गेला, इंधन भरायची कटकट गेली. हा निर्णय निःसंशय चांगला होता.

यांत्रिक माशांची जागा बऱ्याच अंशी प्रक्षेपित चित्रांनी घेतली. गुहेच्या भागात निमो आणि त्याचे सोबती पाण्यातच पोहताहेत असं दिसतं. त्यांना डायव्हर पाठवून तेल-पाणी करावं लागत नाही. बाहेरच्या तळ्यातल्या प्रवाळाला रंगाऐवजी पुनर्वापरातल्या काचेचा चुरा वापरला, ३० टनांहून जास्त. काचेचा रंग उन्हाने आणि रसायनाने पटकन उडत नाही. वर सांगितलेल्या रंग देणे–पाणी काढणे या चक्रावर तो थेट इलाज होता, आणि राइडच्या जाहिरातीत पात्रांपेक्षा याचंच कौतुक व्हायला हवं होतं असं मला उगाच वाटतं.

ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांच्यासाठी जमिनीवर एक खोली केली. तिथे मोठ्या पडद्यावर तोच प्रवास दिसतो. कायद्याची पूर्तता झाली आणि अनेकांची सोयही. पण पाणबुडीत बसणं आणि पाणबुडीचं चित्रण बघणं यात फरक आहे. ज्याला तो फरक सोसावा लागतो त्यालाच तो किती मोठा ते कळतं.

जिना मात्र तोच राहिला. दार छतातच, माणसं एकामागून एक, आसनं चाळीस. म्हणजे १९९८ च्या तीन मोठ्या दुखण्यांपैकी देखभालीचं बऱ्यापैकी हलकं झालं, प्रवेशाचं अर्धवट सुटलं, आणि तासाला किती माणसं हे जिथल्या तिथे राहिलं.

परिणाम

पहिल्या उन्हाळ्यात रांगा तासन्‌तास होत्या. ते यश होतं आणि त्याच वेळी जुन्या मर्यादेची जाहीर कबुलीही, कारण लोकप्रिय राइड आणि हळू हलणारी रांग एकत्र आली की रांगच बातमी होते.

नंतर गर्दी स्थिरावली. २०१४ मध्ये राइड दुरुस्तीसाठी काही महिने बंद राहिली आणि सप्टेंबरमध्ये परत आली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सगळं उद्यान बंद झालं. एप्रिल २०२१ च्या अखेरीस उद्यान उघडलं, पाणबुड्या मात्र थांबूनच राहिल्या. चाळीस माणसं एका बंद नळकांड्यात खांद्याला खांदा लावून बसवणं तेव्हा कोणालाच परवडणारं नव्हतं. पण बाकीच्या राइड एकेक करून सुरू होत गेल्या आणि हिचं नाव येईना, तेव्हा चाहत्यांना १९९८ आठवलं. राइड २५ जुलै २०२२ रोजी परत सुरू झाली. म्हणजे सव्वादोन वर्षांपेक्षा जास्त बंद.

चित्रपटाशी बांधलेल्या नशिबाचा दुसरा धडा इथे. निमो २००३ चा. त्याचा पुढचा भाग २०१६ मध्ये आला, पण २००७ मध्ये आईच्या मांडीवर बसून ही राइड केलेली मुलं आता कॉलेज संपवताहेत. मूळ राइडचा विषय खुद्द समुद्र होता; त्यातले तपशील जुने झाले तरी विषय जुना होत नव्हता. पात्रांवर उभी केलेली राइड पात्रांइतकीच टिकते, आणि पात्रं दर पंधरा वर्षांनी बदलायची तर तेवढ्याने गुहेची दृश्यं पुन्हा बांधायची.

वेगळं काय करता आलं असतं

टोकियो डिस्नेसीमध्ये सप्टेंबर २००१ मध्ये, म्हणजे अनाहाइमचं तळं नौकांविना पडून असताना, व्हर्नच्या कथेवरची राइड सुरू झाली. तिथे पाण्यात जायचंच नाही. छोटी यानं कोरड्या इमारतीत, वरच्या रुळाला टांगलेली फिरतात. खिडकीला काचेचे दोन थर, मध्ये पाणी आणि बुडबुडे. बसणाऱ्याला खोल समुद्रात असल्याचा भास होतो, आणि देखभाल करणारा माणूस रात्री पायी चालत जाऊन दिवा बदलतो. हे तंत्र २००५ च्या घोषणेच्या वेळी चार वर्षं चालून झालेलं होतं.

मग अनाहाइमनेही तसंच करायला हवं होतं का? माझं मत पूर्ण तसं नाही. उद्यानाच्या मधोमध ते निळं तळं, त्यावरून सरकणारी मोनोरेल आणि पाण्यातून पाठ दाखवत जाणाऱ्या पिवळ्या नौका हा देखावा राइडमध्ये न बसणाऱ्यांसाठीही असतो. टोकियोच्या इमारतीत तो नाही. पण गुहेचा भाग तरी कोरडा करता आला असता का, आणि सांगाडे अजून चाळीस वर्षं चालणार आहेत म्हणून तेच वापरायचे की संख्येने थोड्या कमी पण बाजूला रुंद दार असलेल्या नव्या नौका बांधायच्या, हे प्रश्न गंभीरपणे विचारायला हवे होते. सांगाडा मजबूत निघाला याचा आनंद इतका झाला की त्याच सांगाड्यात ते अरुंद तोंडही आहे, ते पुढची कित्येक वर्षं आपल्या गळ्यात येणार आहे, हे मागे पडलं असावं.

दुसरी गोष्ट हिशोबाची. राइडच्या नावावर फक्त खर्च मांडायचा आणि तिच्यामुळे विभागात थांबणारी गर्दी, तिचा देखावा, तिची ओळख कुठेच मांडायची नाही, अशा पद्धतीत जुनी राइड दर वेळी हरणारच. पण हे उलटही खरं. चाहत्यांच्या आठवणी खऱ्या असतात, त्यांनी फिल्टरचं बिल भरलं जात नाही. फ्लोरिडाचं तळं गेलं तेव्हा झालेला शोक मनापासूनचा होता आणि आज त्या खाणीच्या रेल्वेपुढे लागणारी रांगही मनापासूनचीच आहे.

तिसरी गोष्ट तारखेची. या प्रकरणात तीन वेळा राइड ‘तात्पुरती’ थांबली : १९९४, १९९८ आणि २०२०. एक कायमची गेली, एक नऊ वर्षांनी आली, एक दोन वर्षांनी. तिन्ही वेळी थांबवताना शब्द जवळपास सारखेच होते. बंद करतानाच परतीची अट आणि शेवटची मुदत लिहून ठेवली असती, तर फ्लोरिडाची जागा दहा वर्षं आधी मोकळी झाली असती आणि कॅलिफोर्नियाच्या नौकांची तपासणी पहिल्याच वर्षी झाली असती.

पुढचा निर्णय आता एकट्या पाणबुडीचा उरलेला नाही. अनाहाइमच्या नगर परिषदेने मे २०२४ मध्ये डिस्नेच्या विस्तार आराखड्याला मंजुरी दिली. त्यात दहा वर्षांत किमान १.९ अब्ज डॉलर गुंतवण्याची कंपनीची हमी आहे. त्याच वर्षी शेजारच्या ऑटोपिया या १९५५ पासूनच्या छोट्या मोटारींच्या राइडवरून पेट्रोल इंजिनं काढण्याचं कंपनीने जाहीर केलं. पाणबुडीची गुहा याच ऑटोपियाच्या रस्त्याखाली आहे. मोनोरेलची तुळई तळ्यावरून जाते, आणि पीपलमूव्हरचा रिकामा मार्गही याच परिसरात फिरतो. त्यामुळे वरच्या गाड्यांचं काय करायचं हे ठरवणाऱ्यांना खालच्या गुहेचं आणि बाजूच्या तळ्याचंही त्याच बैठकीत ठरवावं लागेल.